हाताची जाळी

या, जरा वाकून या. चौकट बुटकी आहे. अंबोड्याच्या गढीतलं आता एवढं एकच दालन उभं राहिलंय. बाकीच्या गढीचे चिरे गावातल्या घरांना लागले, विहिरींना लागले, पण या दालनाच्या दगडाला कुणी हात लावला नाही. समोरच्या भिंतीत जी खिडकी दिसते, तिला सरकारी पाटीवर नुसतं 'पाषाणी जाळी' असं लिहिलंय. गावात मात्र तिला हाताची जाळी म्हणतात.

जवळ जाऊन पाहा. पुरुषभर उंचीची एकच काळी शिळा आहे, कुठं सांधा नाही. सहा टोकांचे तारे एकमेकांत गुंफलेत, आणि मधल्या दांड्या बोटाहून जाड नाहीत. आपण उभे आहोत ते दालन अंगणाकडून उघडं, उजेडाचं. जाळीपलीकडे एक लहान काळोखी खोली आहे. त्या खोलीत बसलं की इथलं सगळं दिसतं. इथून मात्र आतलं काही दिसत नाही. आता खाली उजव्या कोपऱ्यात पाहा. तिथं एक तारा नाही, नुसतं भोक आहे. कोपरापर्यंत हात सहज जाईल एवढं. पाहुणे विचारतात, तोफेचा गोळा लागला का? कुणी खोडसाळपणा केला का? तसं काही नाही. बसा या पायरीवर, सांगतो. माझं नाव दस्तगीर आतार. दालनाची किल्ली आमच्या घराकडे असते. ही हकीकत मी माझ्या वडिलांकडून ऐकली आणि त्यांनी त्यांच्या चुलत्याकडून. खरीखोटी तुम्ही ठरवा.

दख्खनेत सुलतानांचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. अंबोडे आणि आसपासची बावीस गावं एका खानाच्या जहागिरीत होती. त्याला थोरले खान म्हणत. त्यांना दोन मुलं: थोरली माहबानू आणि तिच्यापाठचा इनायत. थोरल्या खानांनी दोघांनाही एकाच मौलवीपुढं बसवून शिकवलं होतं. माहबानूचं लग्न झालं आणि तीन वर्षांत तिचा नवरा लढाईत पडला. ती माहेरी परत आली ती कायमची. तेव्हापासून तिनं जनान्याबाहेर पाऊल टाकलं नाही.

पण थोरल्या खानांची एक सवय होती म्हणे. कुठलाही तंटा आला की ते दोन्ही बाजू ऐकून घेत, लोकांना उद्या या म्हणून सांगत, आणि संध्याकाळी लेकीपाशी बसून सगळं तिला सांगत. ती ऐकायची, मधूनच एखादा प्रश्न विचारायची. त्या प्रश्नानंतर निवाडा बदलायचा, असंही व्हायचं. लोकांना हे माहीत होतं. आडून त्याला ते 'वरची अदालत' म्हणत, पण थट्टेनं नव्हे.

थोरले खान अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांनी इनायतखानाला जवळ बोलावलं आणि म्हणाले, "माहबानूच्या कानावर पडल्याशिवाय एकही निवाडा करू नकोस. शब्द दे."

त्यानं शब्द दिला.

इनायतखान माणूस वाईट नव्हता, असं सगळेच सांगतात. तापट होता, स्वतःच्या सचोटीचा त्याला अभिमान होता, आणि गादीवर आला तेव्हा वय तिशीच्या आतलं. खान बहिणीच्या अकलेनं चालतो असं कुणी म्हणालं तर, हा काटा त्याच्या मनात होता. म्हणून त्यानं बापाला दिलेला शब्द पाळला, पण आपल्या पद्धतीनं. त्यानं अदालतीसाठी हे नवं दालन बांधायला काढलं, आणि मागच्या खोलीत बहिणीला बसता यावं म्हणून मध्ये जाळी योजली. मग तो तिच्याकडे गेला आणि म्हणाला,

"आपा, तू ऐकशील. प्रत्येक तंटा तुझ्या कानावर पडेल. पण अदालत भरलेली असताना त्या दालनात तुझा आवाज उमटता कामा नये. घरच्या बाईचा आवाज परक्यांनी ऐकावा, हे मला चालणार नाही."

 माहबानू म्हणाली, "बरं. अदालतीत माझा आवाज उमटणार नाही." आणि तशी तिनं शपथ घेतली.

जाळीचं काम मिळालं म्हाळू पाथरवटाला. हा खालच्या आळीचा. जाती, उखळं, देवळाच्या पायऱ्या, हे त्याच्या बापजाद्यांचं काम. पण शेजारच्या कसब्यात मशीद बांधायला एक उस्ताद आला होता, त्याच्या हाताखाली म्हाळूनं सहा वर्षं काढली आणि दोरी-खुंटीनं वर्तुळं आखून त्यातून तारे कसे काढायचे ते शिकला. त्यानं डोंगरातली एक अखंड शिळा निवडली. कोरून मग बसवायला गेलं तर उचलतानाच तुटेल, म्हणून शिळा आधी चौकटीत पक्की केली आणि उभ्या शिळेवर काम सुरू केलं. आपल्या काळ्या पाषाणाची जात तुम्हाला ठाऊक असेल. हातोडी जरा जोरात बसली तर वर्षाची मेहनत एका क्षणात चिरते. म्हाळू दिवसाला करंगळीभर दगड काढायचा.

सात-आठ महिन्यांनी पहिलं भोक आरपार झालं. म्हाळू त्यातली पूड फुंकून काढत होता, एवढ्यात पलीकडून बाईचा आवाज आला, "थांब. आज एवढंच राहू दे."

म्हाळूच्या हातातली छिन्नी खाली पडली. तो चार पावलं मागं सरला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"घाबरू नकोस," आवाज म्हणाला. "इथून अंगण दिसतंय. अकरा वर्षांत मी अंगण पाहिलं नव्हतं."

त्या दिवशी म्हाळूनं पुढं काम केलं नाही. दुसऱ्या दिवशीही केलं नाही. तिसऱ्या दिवशी पलीकडून विचारणा झाली, काम का थांबलंय म्हणून. तेव्हा तो म्हणाला, "बीबीसाहेब, तुम्ही थांब म्हणालात."

ती हसली म्हणे. आणि तिथून त्यांचं बोलणं सुरू झालं.

इथं मी पाहुण्यांना नेहमी सांगतो. तुमच्या मनात जे येतं तसलं काही आमच्याकडे कुणी सांगत नाही. माहबानूबरोबर कायम एक म्हातारी दासी असायची. म्हाळूला घरी बायको होती, तीन मुली होत्या. बोलणं व्हायचं ते दगडाचं. वरचे तारे बारीक आणि खालचे मोठे का, असं तिनं एकदा विचारलं. म्हाळू म्हणाला, "वरून ऊन येतं, खालून वारा. उन्हाला चाळणी लागते, वाऱ्याला वाट लागते." मग तिनं विचारलं, "आणि आवाजाला?"

 यावर म्हाळूनं आठ दिवस विचार केला. मग त्यानं भोकांच्या कडा बाहेरून रुंद आणि आतून अरुंद अशा तासायला सुरुवात केली. पेरणीच्या वेळी पाभरीला चाडं लावतात ना, मूठभर दाणे पडले तरी एका नळीत उतरतात, तसं. तो दालनाच्या पार त्या टोकाला उभा राहून हळू आवाजात काहीतरी बोलायचा आणि ती पलीकडून सांगायची, ऐकू आलं किंवा नाही आलं. ज्या जागी ऐकू आलं नाही तिथली कड तो पुन्हा तासायचा. अशी दोन वर्षं गेली. पाटीवर लिहिलेलं नसलं तरी आजमावून पाहा. तुमच्यापैकी कुणी त्या कोपऱ्यात जाऊन कुजबुजा, आतल्याला शब्द न् शब्द कळतो.

तिसऱ्या वर्षी काम खालच्या उजव्या कोपऱ्याशी आलं आणि तिथं अडलं. शेवटच्या ताऱ्याच्या जागी दगडात गारगोटीची गाठ निघाली. बाहेरून काही दिसत नव्हतं. छिन्नी लावली की ठिणगी उडायची आणि छिन्नीचं टोक मोडायचं. जोर लावावा तर शिळा चिरायची भीती. म्हाळूनं सगळ्या छिन्न्या पुन्हा पुन्हा पाजवून आणल्या. दीड महिना गेला, आणि गाठ होती तशीच राहिली.

तिकडे इनायतखानाचा धीर सुटला. गादीवर येऊन तीन वर्षं झाली आणि जाळीवाचून अदालत नाही. शब्द दिला होता म्हणून लोकांचे तंटे खोळंबलेले. तो एक दिवस दालनात आला, अर्धवट कोपरा पाहिला आणि म्हणाला, "रमजान ईदनंतरच्या पहिल्या सोमवारी मी इथं बसणार. तोवर काम संपलं नाही, तर शिळा फोडून काढा आणि तिथं भिंत घाला. भिंतीआड बसून जे ऐकू येईल ते येईल."

ईदेला बारा दिवस राहिले होते.

हे पलीकडून माहबानूनं ऐकलं. खान गेल्यावर तिनं विचारलं, "म्हाळू, गारगोटी कशानंच तुटत नाही?"

"तुटते, बीबीसाहेब. हिऱ्यानं तुटते. आमचे उस्ताद सांगायचे, सामत्याच्या, म्हणजे आमच्या गिरमिटाच्या, टोकाला हिरा बसवला आणि दोरीनं फिरवला तर गारगोटीला लोण्यासारखं भोक पडतं. पण पाथरवटाकडे हिरा कुठला?"

दुसऱ्या दिवशी एका ताऱ्यातून कापडाची बारीक पुरचुंडी अलीकडे आली. तिच्यात अंगठी होती. माहबानूच्या नवऱ्यानं लग्नात तिला घातलेली, एकाच हिऱ्याची. आत तिचं नाव कोरलेलं.

म्हाळूनं हात लावला नाही. म्हणाला, "बीबीसाहेब, हे मला झेपणार नाही. कुणी पाहिलं तर?"

"काम झालं की परत दे. मी पुन्हा बसवून घेईन." मग ती म्हणाली, "भिंत झाली तर मी पुन्हा काहीच ऐकणार नाही, म्हाळू. बाबांचा शब्द भिंतीत चिणला जाईल."

त्यानं अंगठी घेतली. हिरा काढून सामत्याच्या लोखंडी टोकात घट्ट बसवला आणि कामाला लागला. दोरी ओढून ओढून त्याच्या तळहाताची साल निघाली. गाठीभोवती त्यानं एकाला एक लागून भोकं पाडली. ईदेच्या आदल्या दिवशी गारगोटीची सबंध गाठ, नारळाएवढी, सुटून त्याच्या ओंजळीत आली. शिळा मात्र कुठं चिरली नाही. पण तारा कोरायला आता तिथं दगडच उरला नव्हता, मोठं भोक तेवढं राहिलं होतं. ईदेनंतर दुसऱ्या दगडाचा तुकडा कोरून तिथं बसवू, असं त्यानं ठरवलं.

ईदेची गडबड चालू असल्यानं माहबानू दोन-तीन दिवस त्या खोलीकडे फिरकली नाही. अंगठी परत द्यायची राहिली. शनिवारी म्हाळू हत्यारांची पिशवी घेऊन घरी निघाला तेव्हा देवडीवरच्या पहारेकऱ्यानं पिशवी उलटी केली. छिन्न्यांमध्ये सोन्याचं रिकामं कोंदण निघालं आणि सामत्याच्या टोकाला हिरा.

अंगठी खानापुढं गेली. त्यानं आतलं नाव वाचलं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. त्यानं म्हाळूला विचारलं, "ही तुझ्याकडे कशी आली?"

म्हाळू म्हणाला, "मी चोरली नाही, सरकार."

"मग कुणी दिली?"

 म्हाळूनं खरं सांगावं तर खानाची विधवा बहीण परक्या माणसाशी बोलते, त्याला आपली अंगठी देते, हे गावभर होणार. दगड तासणाऱ्याची बोटं गेली तर त्याचं घर उपाशी मरतं, हेही त्याला कळत होतं. तीन मुली होत्या. तरी तो बोलला नाही. त्याला कोठडीत टाकलं.

आता तुम्ही म्हणाल, खानानं बहिणीला का विचारलं नाही? एका घरात राहत होते दोघं. मधे चार दालनं. आमचे वडील इथं नेहमी थांबायचे आणि म्हणायचे, ऐकण्यासाठी जाळी बांधली, पण विचारायचं त्याला सुचलंच नाही. दुसरे काही जण सांगतात की सुचलं होतं, पण उत्तराची भीती वाटली. काही असो, त्यानं जनान्यात ताकीद दिली की ही गोष्ट आत जाता कामा नये.

सोमवार उजाडला. बावीस गावांचे लोक अंगणात जमले. दालनात उंच बैठकीवर इनायतखान, त्याच्या डावीकडे म्हातारे काझी बुऱ्हान, आणि पलीकडे अंधारात, पहिल्यांदाच, माहबानू. पहिलाच तंटा म्हणून म्हाळूला उभं केलं. माहबानूला तेव्हा कळलं.

खानाला पहिल्याच दिवशी धाक बसवायचा होता. त्यानं अंगठी वर धरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "ही अंगठी माझ्या घरची आहे. माझा शब्द ऐका. ज्या हातानं ही जनान्याबाहेर आली, तो हात त्याचा राहणार नाही."

मग म्हाळूला शेवटचं विचारलं. तो म्हणाला, "मी चोरली नाही. यापुढं मला बोलता येत नाही." लाकडाचा ठोकळा आणला. म्हाळूचा उजवा हात त्यावर बांधला. अंगणात त्याची बायको होती, तिनं पदराचा बोळा तोंडात धरला.

तेवढ्यात कुणीतरी "या अल्ला" असं म्हणालं. सगळ्यांनी तिकडे पाहिलं.

जाळीच्या खालच्या कोपऱ्यातून एक हात बाहेर आला होता. बाईचा हात. कोपरापर्यंत उघडा. त्या घराण्यातल्या बाईचं नखसुद्धा कुणा परक्यानं कधी पाहिलं नव्हतं. हात बाहेर आला, बोटं पसरली आणि तसाच थांबला. अनामिकेवर पांढुरका वळ होता. वर्षानुवर्षं अंगठी घातली आणि मग काढली की राहतो तसा.

आवाज आला नाही. तिची शपथ होती.

लोकांना आधी काही उमजेना. मग हळूहळू उमजत गेलं. ज्या हातानं अंगठी जनान्याबाहेर आली, तो हात समोर होता, आणि खानाचा शब्द सगळ्यांनी ऐकलेला होता. दालनात एकच माणूस त्या हाताकडे पाहत नव्हता. म्हाळूनं मान खाली घातली होती आणि डोळे मिटले होते, असं सांगतात. त्याचं पाहून काझींनी मान खाली घातली. मग पुढच्या रांगेनं, मग अंगणातल्यांनी. सगळी गर्दी पायांकडे बघत उभी राहिली.

इनायतखान बैठकीवर तसाच बसून होता. सूर्य डोक्यावरून कलला. हात मागं गेला नाही. भोकाची कड कच्ची होती, धारेची. दंडाला ती रुतली आणि रक्ताचा एक ओघळ काळ्या दगडावरून खाली आला.

काझी बुऱ्हान म्हणाले, "खानसाहेब, शब्द आपण दिलाय. तो पाळायचा की मोडायचा हे मी सांगणार नाही. पण हात बाहेर आहे, आणि दगड धारेचा आहे."

खान उठला. बैठकीवरून उतरून जाळीपाशी गेला आणि खाली जमिनीवर बसला, म्हणजे त्याचं तोंड त्या भोकापाशी आलं. त्यानं तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. हात थंड पडला होता. याच हातानं लहानपणी त्याचा हात धरून त्याला पाटीवर पहिलं अक्षर गिरवायला लावलं होतं.

"आपा," तो हळूच म्हणाला, "बोल. मी तुझी शपथ सोडवतो."

 ती जे बोलली ते फक्त खानानं आणि काझींनी ऐकलं. काझींनी पुढं सांगितलं म्हणून आपल्याला माहीत.

ती म्हणाली, "मला विचारलं असतंस, तर सांगितलं असतं."

खानानं त्या हातावर कपाळ टेकलं. किती वेळ, ते कुणी सांगत नाही, कारण वर पाहण्याची कुणाची हिंमत नव्हती. तिसऱ्या प्रहरी असरची अजान झाली तेव्हा तो उभा राहिला.  त्यानं आधी म्हाळूचे दोर सोडायला सांगितले. मग लोकांकडे वळून म्हणाला,

"मी म्हणालो होतो, तो हात त्याचा राहणार नाही. शब्द माझा आहे आणि मी तो पाळतो. हा हात माझ्या बहिणीचा राहणार नाही. आजपासून हा अदालतीचा हात. इथला कुठलाही निवाडा मी देईन, पण हा हात बाहेर येऊन मोहोर करील तेव्हाच तो निवाडा. नाही आला, तर मी चुकलो असं समजा आणि मला पुन्हा विचारा."

असं म्हणून त्यानं आपल्या बोटातली मोहोर काढून त्या तळहातावर ठेवली. बोटं मिटली आणि हात आत गेला.

म्हाळूला खानानं जमीन देऊ केली. त्यानं ती घेतली, उगाच नाही म्हणाला नाही. मुली होत्या. मग खान म्हणाला, "कोपऱ्यातलं भोक आता बुजवू नकोस."

म्हाळू म्हणाला, "बुजवणार होतो, आता नाही बुजवत. पण मला आठ दिवस द्या. कड घासायची राहिली आहे."

ते आठ दिवस तो या कोपऱ्याशी बसला. छिन्नी नाही, हातोडी नाही. कुरुंदाची पूड, पाणी आणि कापड. घासत राहिला, स्वतःचा हात आतबाहेर करून पाहत राहिला, पुन्हा घासत राहिला. पलीकडे माहबानू होती का? कुणी म्हणतं होती, कुणी म्हणतं नव्हती. बोलणं काही झालं नाही. नवव्या दिवशी तो हत्यारं उचलून गेला आणि नंतर त्यानं जाळीचं काम कधी घेतलं नाही. जाती करत राहिला. अंगठी मात्र पुन्हा बसवली गेली नाही. हिरा विकून माहबानूनं खालच्या आळीला विहीर बांधून दिली, असं सांगतात. ती विहीर पुढं बुजली, मी लहानपणी तिचा काठ पाहिलाय.

माहबानूनं त्यापुढं एकोणतीस वर्षं या जाळीतून मोहोर केली. म्हणतात, एकोणतीस वर्षांत चौदा वेळा हात बाहेर आला नाही. प्रत्येक वेळी इनायतखान खाली उतरून भोकापाशी बसला आणि विचारता झाला. ती गेल्यावर त्यानं ती जागा रिकामी ठेवली नाही. गावातल्या एका तेलिणीला बसवलं. तिच्यानंतर एका विणकर मोमिनाच्या बाईला. असं करत करत खान गेले, जहागिरी गेली, सुलतान गेले, आणि रीत राहिली.

आजही अंबोड्यात गावकीचा कुठला निर्णय व्हायचा असला की लोक या दालनात जमतात. ग्रामपंचायत आहे, तिचं दफ्तर आहे, शिक्के आहेत, ते सगळं नंतर. आधी इथं बसून बोलणं होतं, आणि पलीकडच्या खोलीत गावातली एक बाई बसलेली असते. कोण, ते पुरुषांना ठाऊक नसतं. बाया आपापसात ठरवतात आणि मागच्या दारानं तिला नेऊन बसवतात. बोलणं पटलं की हात बाहेर येतो. मोहोर आता राहिली नाही, नुसता हात येतो. तो आला की आम्ही सगळे मान खाली घालतो. बांगड्यांवरून ओळखायचा मोह होतो, खोटं कशाला बोलू. पण कुणी बघत नाही.

तीन वर्षांपूर्वी इथं आठवड्याचा बाजार हलवायचं ठरत होतं. गावातल्या चौकात फार गर्दी होते, म्हणून तो हमरस्त्यापलीकडच्या माळावर न्यायचा. सगळ्यांचं एकमत झालं. सरपंचांनी कागद तयार करून आणला होता. मीही हो म्हणालो होतो. मग आम्ही माना खाली घालून वाट बघत बसलो.

हात आला नाही.

तास गेला. कुणी कुजबुजलं, आत बाई झोपली असेल. तिकडे जाऊन बघायला मात्र कुणी उठलं नाही. ऊन या भिंतीवरून त्या भिंतीवर गेलं. शेवटी सरपंच जागेवरून उठले, जाळीपाशी आले आणि खाली बसले. वयानं माझ्याहून वीस वर्षांनी लहान, चांगला शिकलेला माणूस. भोकापाशी तोंड नेऊन त्यांनी विचारलं, "काय चुकलं, बाई?"

आतून जे उत्तर आलं ते त्यांनी आम्हाला सांगितलं नाही. सांगायचं नसतं. त्यांनी कागदाची घडी केली आणि खिशात घातली. बाजार चौकातच भरतो. आज बुधवार आहे, बाहेर पडलात की दिसेल तुम्हाला. डोक्यावर पाट्या घेऊन चालत येणाऱ्या बाया असतात त्यात, वरच्या वाड्यांमधून येतात. त्यांना हमरस्ता ओलांडावा लागत नाही.